जुन्या ध्वनिसंचाला बिनतारी जोड

घराचा माळा हे मराठी मध्यमवर्गीयांचे खाजगी वस्तुसंग्रहालय होय. तेथे पितळेचा बंब असतो, कुणाच्या तरी बारशाचा पाळणा असतो, आकाशकंदिलाचा सांगाडा असतो आणि जुन्या साडीत गुंडाळलेला रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर असतो. बंबाचे काम गीझरने घेतले म्हणून तो वर गेला. बाळ मोठे झाले म्हणून पाळणा वर गेला. रेडिओ का वर गेला असे विचारले, तर घरातील मंडळी ‘बिघडला असेल’ असे मोघम उत्तर देतात. पुष्कळदा तो बिघडलेला नसतो. त्याच्यातून ऐकावे असे काही येईनासे झालेले असते.

कॅसेटी दुकानांतून गेल्या. मध्यम लहरींवर विजेच्या नव्या दिव्यांची आणि चार्जरांची खरखर माजली. गाणी फोनमध्ये जाऊन बसली. काही वर्षे फोनच्या कानात एक साडेतीन मिलिमीटरची पिन खुपसून ती वायर जुन्या संचाला जोडता येत होती. परंतु २०१६ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या सातव्या आयफोनमधून ते भोकच काढून टाकले आणि हळूहळू इतर अनेकांनी तोच कित्ता गिरविला. म्हणजे गाणी एका बाजूला, स्पीकर दुसऱ्या बाजूला, आणि मधला पूल मोडलेला. हा पूल पुन्हा बांधण्यासाठी काड्यापेटीएवढे एक बिनतारी यंत्र मिळते. बाजारात त्याला ‘ब्लूटूथ रिसीव्हर’ म्हणतात. काही शे रुपयांपासून ते मिळते. ते काय करते, कोठे जोडावे आणि कोठे मुळीच जोडू नये, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम जुन्या संचाची बाजू मांडली पाहिजे. कोणत्याही ध्वनिसंचाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. ध्वनीचा उगम, म्हणजे तबकडी, फीत किंवा रेडिओलहरी. तो दुबळा संकेत मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर. आणि त्या विजेचे हवेच्या कंपनात रूपांतर करणारा स्पीकर. यांपैकी उगम पिढीगणिक बदलत आला. पण स्पीकरचे तसे नाही. लोहचुंबकाच्या खाचेत तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटविलेला कागदाचा शंकू, ही रचना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडली. आज आपण दुकानातून आणतो तो स्पीकरही बहुतेक वेळा याच तत्त्वावर चालतो. तेव्हा ठाण्यात तयार झालेला एखादा मर्फी रेडिओ घेतला, तर त्याचा लाकडी खोका आणि त्यातला मोठा स्पीकर हे आजही जुनाट ठरत नाहीत. उलट, मुठीएवढ्या प्लॅस्टिकच्या स्पीकरला जो भरदार खर्ज साधत नाही, तो त्या रुंद शंकूला सहज साधतो. जुनी झालेली गोष्ट म्हणजे फक्त उगम, आणि तो बाहेरून बदलता येतो.

आता या बिनतारी यंत्राकडे वळू. ब्लूटूथचा जन्म १९९४ साली स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत झाला. याप हार्ट्सन या डच अभियंत्याचे नाव त्याच्याशी जोडले जाते. ‘निळा दात’ हे चमत्कारिक नाव मात्र यंत्राच्या रूपावरून आलेले नाही. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला; विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्याबद्दल त्याची ख्याती होती आणि हे त्याचे टोपणनाव. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत, या कल्पनेला १९९७ साली तात्पुरते म्हणून हे नाव सुचविले गेले आणि तेच कायम राहिले. आपल्या फोनवर दिसणारे ते निळे चिन्ह म्हणजे या राजाच्या नावाची दोन आद्याक्षरे, प्राचीन रून लिपीत, एकमेकांत गुंफलेली. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला खिशात रून लिपी बाळगल्याचे समाधान मिळावे, इतपत ही माहिती उपयोगी आहे!

ब्लूटूथचे संभाषण २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालते. याच पट्ट्यात वायफाय असते आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही असते. एवढ्या गर्दीत आपले बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळू नये म्हणून ब्लूटूथ एका जागी ठरत नाही. त्याच्या या पट्ट्याचे ७९ कप्पे पाडलेले असून फोन आणि रिसीव्हर दोघेही, आधी ठरविलेल्या क्रमाने, सेकंदाला १६०० वेळा एका कप्प्यातून दुसऱ्यात उड्या मारतात. एखाद्या कप्प्यात कुणी बसलेले असले, तर नुकसान होते ते त्या क्षणापुरते. अशा उड्यांची कल्पना फार जुनी आहे. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांनी पाणतीरांच्या नियंत्रणासाठी तशाच एका योजनेचे पेटंट १९४२ साली मिळविले होते आणि त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८, लहरी योजिल्या होत्या. ब्लूटूथ थेट त्यातून निघाले असे म्हणता येणार नाही. पण जातकुळी तीच.

फोन गाण्याचे आकडे करून, ते आवळून, या लहरींवरून पाठवितो. रिसीव्हर ते पकडतो, उलगडतो आणि त्यांचे पुन्हा साध्या विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. त्याच्या शेपटीकडून जे बाहेर पडते, ते टेपरेकॉर्डर जे बाहेर टाकीत असे त्याच जातीचे असते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला फरक कळतही नाही, आणि सगळी गंमत येथेच आहे.

आवळण्यात काही हरवते का? होय, हरवते. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या संगीताला सुमारे १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथची सर्वांत सामान्य पद्धत चांगल्या प्रतीत सुमारे ३२८ किलोबिटांत भागविते. परंतु याचा बाऊ करण्याचे कारण नाही. मध्यम लहरींवरचा रेडिओ साडेचार हजार कंपनांच्या वरचा ध्वनी जवळजवळ आणीतच नसे आणि कॅसेटच्या पार्श्वभूमीला सतत एक फूत्कार असे. ज्यांनी त्यावर तासन्‌तास आनंदाने गाणी ऐकली, त्यांच्या संचाला हा नवा उगम खालच्या दर्जाचा वाटण्याची भीती नाही.

आता जोडणीचा प्रश्न. बहुतेक चुका येथेच होतात, म्हणून थोडे थांबून पाहू. संच उलटा करून त्याची पाठ पाहावी. ‘ऑक्स’, ‘टेप इन’, ‘लाइन इन’ किंवा ‘ट्यूनर’ असे लिहिलेली लाल-पांढरी गोल सॉकेटे दिसली, तर काम पाच मिनिटांचे. रिसीव्हरची वायर तेथे खोचावी आणि निवडीचे बटण त्या नावावर आणावे.

‘फोनो’ असे लिहिलेल्या सॉकेटांचा आकार अगदी तसाच असतो. मात्र तेथे जाऊ नये. ती जागा फक्त तबकडीच्या सुईसाठी राखीव आहे. चुंबकीय सुईकडून येणारा संकेत जेमतेम काही सहस्रांश व्होल्टचा असतो. रिसीव्हरकडून येणारा त्याच्या कितीतरी पट मोठा. शिवाय तबकडी कापताना तिच्यातील खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि तार भाग वाढविलेला असतो. खर्जाच्या लाटा मोठ्या म्हणून त्यांनी खाचेची जागा खाऊ नये आणि सुईची खरखर दबावी, असा त्यात दुहेरी हेतू. १९५४ पासून याचे एक सर्वमान्य प्रमाण ठरले आहे. फोनोची बाजू हे सारे उलट करून देते, म्हणजे खर्ज वाढविते आणि तार दाबते. तेव्हा रिसीव्हर तेथे जोडला, तर गायकाचा आवाज रांजणात तोंड घालून गाणाऱ्यासारखा येतो, आणि ऐकणारा म्हणतो, ‘छे! ब्लूटूथमध्ये काही दम नाही.’

युरोपीय घडणीच्या जुन्या संचांना, विशेषतः फिलिप्स आणि ग्रुंडिग यांच्या, पाच छिद्रांची एक वाटोळी जागा असते. तिला ‘डिन’ सॉकेट म्हणतात. छिद्रांचे क्रमांक ओळीने नसून १, ४, २, ५, ३ असे अर्धवर्तुळात येतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या टेपच्या जागेत सामान्यतः २ ही सामाईक तार. ३ आणि ५ वर डावा-उजवा आवाज आत येतो. १ आणि ४ वरून तो मुद्रणासाठी बाहेर जातो. आपल्याला आत जावयाचे आहे, म्हणून ३ आणि ५. तयार वायर विकत घेताना दुकानदाराला हे स्पष्ट सांगावे, कारण दिसायला सारख्याच पण उलट जोडणीच्याही वायरी असतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अशा वायरी मिळतात किंवा समोर बसून करून तरी मिळतात.

व्हॉल्वच्या रेडिओच्या पाठीवर ‘ग्राम’ किंवा ‘पी. यू.’ अशी दोन छिद्रे पुष्कळदा आढळतात. ग्रामोफोनचा पिकअप जोडून रेडिओच्या स्पीकरमधून तबकडी ऐकता यावी, यासाठी ती ठेवलेली असत. या जुन्या पिकअपचा संकेत भरपूर जोरकस असे, त्यामुळे रिसीव्हर येथे छान जुळतो. रेडिओ मात्र एकाच स्पीकरचा, आणि रिसीव्हर देतो डावा-उजवा असे दोन आवाज. दोन्ही तारा सरळ एकत्र पिळू नयेत. एकीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी झगडत राहते. प्रत्येक तारेत सुमारे एक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग त्या जोडाव्यात. एकच बाजू जोडून भागविणारेही असतात. पण ज्या गाण्यात सतार डावीकडे आणि गळा उजवीकडे आहे, त्यात एक कलावंत गैरहजर राहतो!

ज्या टेपरेकॉर्डरला आत शिरण्याची एकही जागा नाही, त्याच्यासाठी कॅसेटच्याच आकाराचा जोड मिळतो. त्यात फितीऐवजी एक छोटे चुंबकीय हेड असते आणि ते टेपरेकॉर्डरच्या हेडला टेकून फितीचे सोंग आणते. जुन्या मोटारीत हा उपाय विशेष सोयीचा.

येथवरचे सारे हौसेचे. यापुढचा परिच्छेद जिवाशी निगडित आहे.

एके काळी काही शहरांत, उदाहरणार्थ कोलकात्याच्या काही भागांत, डीसी वीज मिळत असे. दोन्ही प्रकारच्या विजेवर चालावेत म्हणून ‘एसी/डीसी’ रेडिओ निघाले. त्यांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि आतील धातूचा सांगाडा थेट घरच्या विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. पिन ज्या बाजूने घातली असेल, त्याप्रमाणे तो संपूर्ण सांगाडा २३० व्होल्टवर असू शकतो. लाकडी खोका आणि बेकेलाइटची बटणे यांमुळे वापरणाऱ्याचा हात तेथे पोहोचत नसे, एवढ्यावरच सुरक्षितता अवलंबून होती. अशा रेडिओला आपण धातूच्या टोकाची वायर जोडली, की आपणच त्या विजेला खोक्याबाहेर वाट करून देतो. मग रिसीव्हर बॅटरीवर चालत असला तरी त्याची पिन हाताला लागल्यास शॉक बसेल, आणि तो भलत्या ठिकाणी चार्जिंगला लावला तर चार्जरही जाईल. पाठीवर ‘एसी/डीसी’ असे लिहिले असेल किंवा शंका असेल, तर जाणकार कारागिराला दाखविल्याशिवाय त्याला काहीही जोडू नये. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून तो संच सुरक्षित करता येतो. पण ते काम हौशी माणसाचे नव्हे.

वीस-तीस वर्षे बंद राहिलेला कोणताही संच माळ्यावरून काढून थेट प्लगमध्ये घालणे हाही अविचारच. आतील कॅपॅसिटर वाळलेले किंवा गळके झालेले असतात. एकदम वीज मिळाली की ते जळतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतात. जुने मेकॅनिक असा संच प्रथम सिरीजमध्ये दिवा लावून चालू करतात. आत शॉर्ट असेल तर दिवा भगभगीत पेटतो आणि संच वाचतो.

जोडणी नीट होऊनही तीन तक्रारी नेहमी येतात. पहिली, अखंड घूं असा आवाज. अ‍ॅम्प्लिफायर आणि रिसीव्हरचा चार्जर यांच्यात वायरींचे एक बंद कडे तयार होते आणि विजेची ५० कंपने त्यात शिरतात. रिसीव्हर बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला तर दोष चार्जरचा. दुसरी तक्रार, आवाज फाटतो किंवा क्षीण येतो. फोनला स्वतःचे आवाजाचे बटण आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरलाही. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून पुढची कमीजास्त संचावर करावी; फोन दबका ठेवून संच पिरगाळला की खरखरही त्याच प्रमाणात वाढते.

तिसरी तक्रार उशिराची. ती समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावर उपाय थोडा आणि गैरसमज फार. आवळणे, पाठविणे, साठविणे, उलगडणे यांत सेकंदाचा दहावा ते चौथा भाग जातो. पाचवा भाग धरला तर तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे ६८ मीटर जातो. म्हणजे गायक मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बसल्यासारखे झाले. नुसते गाणे ऐकणाऱ्याला याचे काहीच वाटणार नाही. फोनमधील तानपुरा किंवा तबल्याचा ठेका लावून रियाज करणाऱ्यालाही अडचण नाही; ठेका उशिरा निघाला तरी त्याच्या कानावर पडतो तोच त्याचा ठेका. चित्रपटात मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. इलेक्ट्रॉनिक पेटी वाजविणाऱ्याची तर पुरती फजिती होते: बोट पट्टीवर पडल्यानंतर स्वर उगवेपर्यंत पुढची पट्टी आलेली असते. तेथे वायरच हवी.

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनातही माझे मत वायरच्याच बाजूने आहे. रिकाम्या सभागृहात तालीम उत्तम होते. पण या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचे शरीर हे बहुतांशी पाणीच. खुर्च्या भरल्या, की दुपारी सुरळीत चाललेले गाणे संध्याकाळी तुटू लागते. त्यातून स्वस्त रिसीव्हर कोणत्याही फोनशी सलगी करतो. नांदी चालू असता प्रेक्षागृहातीलच एखाद्या फोनवरचे भलतेच गाणे मोठ्या कर्ण्यातून घुमले, तर प्राचार्यांची समजूत काढणे कठीण. ज्या फोनवरून संगीत चालले आहे त्यालाच मध्ये कुणाचा फोन आला तर? निदान त्याचा ‘एअरप्लेन’ खटका दाबून मग ब्लूटूथ तेवढे पुन्हा चालू करावे.

ब्लूटूथऐवजी घरच्या वायफायवरून गाणी आणणारे जोडही निघाले. आवाज अधिक चांगला, पल्ला अधिक, फोन खिशात घेऊन बाहेर गेले तरी गाणे चालू. परंतु त्यांचा इतिहास बोलका आहे. गूगलने जुन्या स्पीकरांसाठी म्हणून खास ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ २०१५ साली आणला. २०१९ च्या प्रारंभी त्याचे उत्पादन थांबविले. पुढे मार्च २०२५ मध्ये कंपनीकडील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि लोकांच्या घरांतील ही चांगली चालती यंत्रे काही दिवस एकाएकी मुकी झाली. स्क्वीझबॉक्स या गाजलेल्या यंत्राचे उत्पादन लॉजिटेकने २०१२ साली बंद केले; त्याची आज्ञावली सर्वांना खुली होती, म्हणून हौशी मंडळींनी ती पुढे जिवंत ठेवली.

यावरून जुन्या संचाच्या मालकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अ‍ॅम्प्लिफायर चाळीस वर्षांनीही दुरुस्त होतो, कारण त्याचे भाग सुटे मिळतात आणि तो कुणाच्या परवानगीने चालत नाही. रिसीव्हरच्या पोटातील चिमुकली बॅटरी काही वर्षांतच थकते आणि तो उघडून दुरुस्त करणारा भेटत नाही. म्हणून जोड नेहमी बाहेरचा आणि सुटा असावा. पाहुणा म्हणून यावा, पाहुणा म्हणून जावा. हौसेच्या भरात सुंदर लाकडी खोक्याला भोक पाडून, आतील व्हॉल्व काढून फेकून, तेथे चिनी पट्टी बसविणारे महाभाग दिसतात आणि त्याला ‘आधुनिकीकरण’ म्हणतात. ती पट्टी बंद पडेल तेव्हा हाती रेडिओही नसेल आणि रिसीव्हरही. खरेदी करतानाही शक्यतो बॅटरीशिवाय, वायर लावूनही चालणारा रिसीव्हर पाहावा. चांगल्या मेळाचे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर चोरबाजारात वा जुन्या बाजारात आजही स्वस्तात मिळतात, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतात. नव्या स्पीकरसाठी पैसे साठवीत बसण्यापूर्वी तेथे एक फेरी अवश्य मारावी.

शेवटी उलट दिशेचा जोडही सांगितला पाहिजे. त्याला ट्रान्समीटर म्हणतात. जुन्या यंत्राचा आवाज घेऊन तो बिनतारी हेडफोनकडे पाठवितो. काही यंत्रांत दोन्ही कामे असतात आणि वर एक बारीक खटका असतो. तो चुकीच्या बाजूला राहिल्यामुळे ‘यंत्र खराब’ म्हणून परत करणारे गिऱ्हाईक दुकानदाराला नवे नाही. टेपरेकॉर्डरच्या ‘लाइन आउट’ला किंवा हेडफोनच्या भोकाला हा ट्रान्समीटर सरळ लागतो. तबकडीवादकाला मात्र सरळ जोडता येत नाही. मघाशी सांगितलेले फोनोचे काम करणारा छोटा प्रीअ‍ॅम्प्लिफायर मध्ये लागतो. काही नव्या तबकडीवादकांत तो आतच असतो.

याचा खरा उपयोग मला दिसतो तो घरातील वडीलधाऱ्या माणसांसाठी. आजोबांना कमी ऐकू येते म्हणून टीव्ही मोठा, टीव्ही मोठा म्हणून नातवाचा अभ्यास होत नाही, आणि नातवासाठी आवाज कमी केला की आजोबा रुसून आत जाऊन बसतात. हा वाद पुष्कळ घरांत रोज संध्याकाळी होतो. टीव्हीच्या मागे ट्रान्समीटर आणि आजोबांच्या कानांवर हेडफोन एवढ्याने तो मिटू शकतो. ओठ आणि शब्द यांची फारकत होऊ नये म्हणून कमी विलंबाची पद्धत दोन्हीकडे, ट्रान्समीटरलाही आणि हेडफोनलाही, आहे ना, हे घेतानाच पाहावे. एकाच बाजूला असून चालत नाही. हेडफोनच्या भोकात पिन घातली की काही टीव्हींचा स्वतःचा स्पीकर बंद पडतो आणि मग आजीला काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी टीव्हीच्या पाठीवर ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेली चौकोनी जागा असते का ते पाहावे आणि तिला चालणारा ट्रान्समीटर मागावा.